जंकचं शीड आपल्या बोटीवर चढवण्याआधी

मूळचे वेंगुर्ल्याचे आणि सध्या सिंगापूरला नोकरी करणारे एक गृहस्थ विचारतात: "चोवीस फुटी जुनी बोट घेतली आहे. वय पन्नाशीच्या पुढे, समुद्रावर बहुतेक वेळा एकटाच असतो. वारा वाढला की नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन शीड लहान करणं आता झेपत नाही. जंकसारखं, म्हणजे चीनच्या जुन्या शिडाच्या जहाजांसारखं, शीड बसवावं असं मनात आहे. पण इथले जाणते म्हणतात की जंक वाऱ्यावर चढत नाही, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे जात नाही, ती फोटोपुरती. खरं काय? आणि हे शीड असं विचित्र दिसतं तरी का?"

मी जन्मभर व्यापारी जहाजांवर होतो आणि गेली एकवीस वर्षं इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर माझी सव्वीस फुटी बोट जंकच्याच शिडावर चालवतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, कारण "बसवा" किंवा "बसवू नका" एवढं सांगून तुमचं भागणार नाही. हे शीड कशासाठी जन्मलं ते कळलं, की तुमच्या बोटीला ते मानवेल की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी लहानपणी पाहिलेलं सांगतो. मंगळुरी कौलं घेऊन येणाऱ्या फत्तेमाऱ्या आमच्या खाडीत शिरायच्या. त्यांचं शीड तिरप्या लांब काठीला बांधलेलं असायचं, वारा भरला की डोळ्यांचं पारणं फिटायचं. पण कूस बदलायची, म्हणजे वारा बोटीच्या दुसऱ्या बाजूने घ्यायची, वेळ आली की सगळे खलाशी धावायचे. ती लांबलचक काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायची, शिडाचा खालचा कोपरा तिच्यामागून ओढायचा, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने दगा दिला नाही तर बरं. ते शीड वेगवान होतं, पण त्याला माणसं लागायची. जंकच्या शिडाची सगळी रचना नेमकी याच्या उलट टोकावरून सुरू होते: थोडी माणसं, अचानक बदलणारा वारा, आणि कुठल्याही एका दोरावर किंवा एका शिवणीवर फार ताण येऊ द्यायचा नाही.

आता शीड समजून घ्या. वर एक जाड काठी, खाली एक काठी, आणि मध्ये पाच-सहा आडवे बांबू. त्यांना 'बॅटन' म्हणतात. हे बांबू शिडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण जातात, त्यामुळे शिडाचे पंख्यासारखे घड्या पडणारे खण तयार होतात. शीड डोलकाठीच्या एकाच बाजूला असतं आणि त्याचा थोडा भाग, साधारण दहावा-आठवा हिस्सा, डोलकाठीच्या पुढे येतो. वारा डावीकडून असो की उजवीकडून, शीड बाजू बदलत नाही. एका कुशीवर ते डोलकाठीला टेकून उभं राहतं, दुसऱ्या कुशीवर डोलकाठीभोवतीच्या सैल फासांवर लटकतं. पुढचा तो लहानसा हिस्सा मागच्या हिश्शाचा जोर थोडा खातो, म्हणून कूस बदलताना शीड फटकन आदळत नाही. वारा पिछाडीवर घेऊन कूस बदलणं हे साध्या बोटीवर सर्वांत धोक्याचं काम, कारण खालची काठी डोकं फोडू शकते. जंकवर हे काम बरंच शांत होतं. मात्र त्यातही एक खोडी आहे, ती पुढे सांगतो.

खरी अक्कल दोरांत आहे. साध्या बोटीवर शिडाचा कोन धरणारा दोर (इथले लोक त्याला 'शीट' म्हणतात, मी ताणदोर म्हणतो) खालच्या एका काठीला बांधलेला असतो. शिडाचा सगळा जोर तिथे गोळा होतो. कापड वरपासून खालपर्यंत ताणून धरावं लागतं, म्हणून ते भारी हवं, डोलकाठीला तारांचे आधार हवेत आणि तारांना तोलायला मजबूत डेक हवा. जंकवर प्रत्येक बॅटनच्या मागच्या टोकाला स्वतंत्र बारीक दोर असतो. हे दोर भोकं पाडलेल्या एका लांबट लाकडी ठोकळ्यातून फिरतात आणि शेवटी तुमच्या हातात एकच दोर येतो. शिडाच्या पूर्ण उंचीवरचा ओढा पाच-सहा ठिकाणी वाटला जातो. दोन बॅटनांच्या मधल्या कापडाला फक्त आपल्या खणापुरता वारा सांभाळायचा असतो. म्हणून जुन्या काळी ही शिडं बांबूच्या विणलेल्या चटईचीही चालली. चौदाव्या शतकात अरब प्रवासी इब्न बतूता कालिकतला आला तेव्हा बंदरात तेरा चिनी जहाजं उभी होती, आणि त्यांची शिडं वेताबांबूच्या चटईसारखी विणलेली असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे सुती कापड आलं. ते एका रानकंदाच्या तुरट रसात बुडवून काढायचे म्हणजे कुजत नसे. चित्रांत दिसणारा तो तांबूस तपकिरी रंग त्या रसाचा आहे. आपल्याकडे ऐनाच्या सालीत जाळी रंगवायचे, त्याच जातीचा उद्योग.

ताण असा वाटला गेल्यामुळे फाटकं शीडही चालतं. कोळ्यांच्या जंकांचे जुने फोटो पाहा: खणांना हातभर भोकं आहेत आणि बोट मजेत चालली आहे. फाटत गेलेला खण पुढच्या बॅटनपाशी थांबतो. माझ्या शिडाचा वरून दुसरा खण एकदा शिवणीपासून उसवला, तेव्हा मी किनाऱ्यापासून दोन दिवसांवर होतो. मी काहीही केलं नाही. घरी पोचल्यावर शिवला.

आणि शीड लहान करणं, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. शीड वर ओढणारा चढदोर सोडायचा, बस. बॅटनांच्या वजनाने शीड आपोआप खाली येतं, दोन्ही बाजूंनी टांगलेल्या दोरांच्या झोळीत घडी होऊन बसतं. एक खण उतरवा, तीन उतरवा, सगळे उतरवा. वारा पाठीवर असला तरी बोट वाऱ्याकडे वळवावी लागत नाही. मला दोन खण उतरवायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि तेही चहाचा कप बाजूला ठेवून, बसल्या जागेवरून. तुमच्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटे येणाऱ्या 'सुमात्रा' वादळांना हे अगदी जुळतं. काळी पट्टी क्षितिजावर दिसली की शीड निम्म्यावर आणायचं, ती गेली की परत चढवायचं. साध्या शिडाचा माणूस अशा वेळी "अजून थोडं थांबू" म्हणत राहतो, कारण काम कष्टाचं असतं. जंकवाला आधीच शीड कमी करतो, कारण परत चढवणंही सोपं आहे. एकट्या माणसाची सुरक्षितता या सवयीत आहे.

हे इंग्लंडात लोकांना पटवलं ते 'ब्लाँडी' हॅसलर या निवृत्त नौसैनिकाने. १९६० साली अटलांटिक एकट्याने ओलांडायची पहिली शर्यत झाली, तिची कल्पनाच त्याची. त्याची 'जेस्टर' ही पंचवीस फुटी बोट, तिच्यावर एकच जंकचं शीड, सगळे दोर मधल्या झाकणापाशी आणलेले. डेकवर जवळजवळ न जाता तो अठ्ठेचाळीस दिवसांत न्यूयॉर्कला पोचला आणि फ्रान्सिस चिचेस्टरच्या मागोमाग दुसरा आला. चिचेस्टरला चाळीस दिवस लागले होते, पण त्याची बोट खूपच मोठी होती. १९६४ सालच्या शर्यतीत, जी न्यूपोर्टला संपली, हॅसलर सदतीस दिवसांत पोचला.

आता तुमच्या जाणत्यांचा आक्षेप. तो खोटा नाही, अर्धा खरा आहे. पट्टीने आखल्यासारखं सपाट कापलेलं जंक शीड वाऱ्याच्या तोंडावर जाताना मागे पडतं. शिडाला पोट असलं की वारा त्याच्या पाठीवरून वळून जातो आणि पुढे खेचतो. सपाट शिडात ते पोट येत नाही. जुन्या चिनी शिडांत बांबू स्वतःच थोडा वाकायचा, कापडही मऊ असायचं, म्हणून ती काही अगदी सपाट नव्हती. आपण मात्र ताठ नळ्या आणि ताठ कापड वापरून त्यांची सपाट नक्कल केली आणि मग म्हणालो की जंक चढत नाही. माझं पहिलं शीड असंच होतं. एका कुशीवरून दुसरीवर जाताना बोटीचं तोंड शंभर अंशांहून जास्त फिरवावं लागायचं, आणि लहान उलट्या लाटांत तर ती जागच्या जागी नाचायची. पुढे मी प्रत्येक खण स्वतंत्र पोट ठेवून शिवून घेतला, खणाच्या रुंदीच्या साधारण आठ-दहा टक्के खोल. बोट तीच, डोलकाठी तीच, पण आता नव्वदच्या आसपास काम होतं. बाजूच्या साध्या बोटीला मी वाऱ्यावर अजूनही गाठत नाही, पण लाजही वाटत नाही.

पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या समुद्रात जंक वाढली तिथे वाऱ्याच्या तोंडावर महिनोन्‌महिने चढायची गरजच नव्हती. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून दक्षिण चीनच्या फुच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांची जहाजं दक्षिणेला यायची, उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा धरून परत जायची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होडी पाण्यात लोटणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वाऱ्याशी भांडण्याऐवजी त्याची वाट पाहायची हा सगळ्या मोसमी समुद्राचा शहाणपणा आहे.

शिडाचं पुष्कळ झालं, पण जंक म्हणजे नुसतं शीड नव्हे. 'जंक' हा शब्दही चिनी नाही. मलय भाषेतल्या 'जाँग'वरून पोर्तुगीजांनी 'जुंको' केलं, तिथून तो पसरला. चिनी माणूस नुसतं 'फानछुआन' म्हणतो, म्हणजे शिडाचं जहाज. आणि त्यात घराणी आहेत. यांगत्से नदीच्या मुखापासून उत्तरेकडे समुद्र उथळ, वाळूचे पट्टे पसरलेले. तिथलं 'शाछुआन' सपाट बुडाचं, ओहोटीला वाळूवर निवांत बसणारं. बूड सपाट असल्याने वाऱ्याने आडवं सरकू नये म्हणून त्याच्या कुशीला फळ्या, हव्या तेव्हा पाण्यात सोडायच्या. १८२६ साली शांघायहून थ्येनचिनला सरकारी धान्य समुद्रमार्गे गेलं ते याच जहाजांतून. दक्षिणेला फुच्येनचा किनारा डोंगराळ, पाणी खोल. तिथलं 'फूछुआन' टोकदार बुडाचं, खाली जाड कणा असलेलं. आपल्या होड्या बांधणाऱ्यांच्या भाषेत पठाण. एकाच नावाखाली एवढी वेगळी बुडं, आणि दोन्ही बरोबर.

सुकाणूकडे मी नेहमी कौतुकाने बघतो. दक्षिण चीनच्या क्वांगचौ शहरातल्या, हान राजवटीच्या काळातल्या एका कबरीत मातीचं जहाज सापडलं, सुमारे दोन हजार वर्षं जुनं, आणि त्याच्या पिछाडीला मधोमध सुकाणू आहे. पुढच्या जंकांचं सुकाणू भलंमोठं असे आणि रहाटाने वर-खाली करता येई. खोल समुद्रात ते बुडाच्याही खाली सोडायचं म्हणजे बोट आडवी सरकत नाही, उथळ पाण्यात वर ओढून घ्यायचं. ते लोखंडी बिजागऱ्यांवर पक्कं नसे, लाकडी खोबणीत बसे, आणि काही जहाजांत त्याला आवळून धरणारे दोर बुडाखालून थेट नाळेपर्यंत नेलेले असत. कित्येक सुकाण्यांना हिऱ्याच्या आकाराची भोकं पाडलेली असायची. पाणी त्यांतून थोडं निसटतं, हात हलका होतो, वळवण्याची ताकद मात्र फारशी घटत नाही. इथेही तेच: ताण एका जागी साचू द्यायचा नाही.

जहाजाच्या पोटातल्या भिंतींचंही तसंच. १९७४ साली फुच्येनमधल्या छ्वानचौजवळ होउचू बंदराच्या चिखलातून सुंग राजवटीच्या शेवटाचं, तेराव्या शतकातलं एक जहाज खणून काढलं. शिल्लक राहिलेला भाग चोवीस मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद. त्यात बारा आडव्या भिंती आणि तेरा कप्पे. भिंतींच्या कडेला कापराच्या लाकडाच्या फासळ्या घट्ट बसवलेल्या. प्रत्येक भिंतीच्या तळाशी कण्यालगत एक लहान भोक, म्हणजे साचलेलं पाणी एका जागी गोळा करून उपसता यावं आणि संकटात ते भोक बुजवता यावं. एक कप्पा फुटला तर एकच भरतो हे सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठा फायदा असा की या भिंती बोटीला आडव्या ताणाविरुद्ध घट्ट धरून ठेवतात. तारांचे आधार नसलेली जड डोलकाठी उभी करायची तर तिचा जोर घ्यायला अशीच भिंत लागते. शीड आणि पोट एकमेकांसाठी बनले आहेत. त्याच जहाजाच्या कण्याच्या सांध्यात सात नाणी आणि एक काशाचा आरसा पुरलेला सापडला. सप्तर्षी आणि पूर्ण चंद्र, वाट दाखवणारे. होडीचा कणा बसवताना नारळ फोडणाऱ्या कुणालाही तो सुतार ओळखीचा वाटेल.

कप्प्यांनी व्यापारही वाटला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला चू यू या चिनी लेखकाने लिहिलं आहे की व्यापारी जहाजातली जागा आपसांत वाटून घेत, प्रत्येकाला काही फूट मिळे, माल खाली ठेवून रात्री त्याच्यावरच झोपत. होकायंत्राचा वापरही तोच सांगतो.

फळ्यांमधल्या फटी बुजवायला तुंग झाडाचं तेल, शिंपल्यांचा चुना आणि तागासारखा तंतू कुटून लगदा करत. सुकल्यावर तो दगडासारखा होतो. जुन्या इंग्रज खलाशांच्या लिखाणात या लगद्याला 'चुनाम' म्हटलेलं आढळतं. हा शब्द त्यांनी हिंदुस्थानातून नेला. तो आपलाच चुना. पोटात कप्पे पाडणाऱ्या भिंतींची विद्या मरू घातली म्हणून युनेस्कोने २०१० साली तिला तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घातलं. फुच्येनमधल्या निंगते भागातल्या चांगवान गावात काही घराण्यांच्या हातात ती अजून आहे. हाँगकाँगला दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिनं आली आणि शिडं झपाट्याने उतरली. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा हाँगकाँगच्याच ॲबर्डीन बंदराच्या धक्क्याला जंक खच्चून भरलेल्या होत्या, पण शीड चढवलेली एकही दिसली नाही. फार वाईट वाटलं होतं.

लांबच्या समुद्राचं म्हणाल, तर डिसेंबर १८४६ मध्ये हाँगकाँगहून निघालेली 'कीइंग' ही जंक आफ्रिकेला वळसा घालून जुलै १८४७ मध्ये न्यूयॉर्कला आणि मार्च १८४८ मध्ये लंडनला पोचली. उलट १९३९ च्या मार्चमध्ये रिचर्ड हॅलिबर्टन या अमेरिकन लेखकाची 'सी ड्रॅगन' हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी निघाली आणि वादळात माणसांसकट नाहीशी झाली. ती जुन्या चालत्या जंकांतली नव्हती. प्रवासासाठी घाईने नवी बांधलेली, पोटात डिझेल इंजिन घातलेली. जंकचं रूप घेऊन जंकचा तोल येत नाही, हे मी दर वेळी सांगतो.

आता तुमची बोट. डोलकाठी तारांशिवाय उभी राहणार, म्हणजे ती डेकमधून आरपार जाऊन कण्यावर टेकली पाहिजे, आणि डेकपाशी तिच्याभोवती सगळा जोर येणार. तिथला डेक आतून भक्कम करा आणि शक्य असेल तर त्याच जागी आडवी भिंत येऊ द्या. यावर पैसा आखडता घेऊ नका. डोलकाठीसाठी इथले बरेच जण रस्त्यावरच्या दिव्याचा निमुळता ॲल्युमिनियमचा खांब वापरतात, आणि तो खरंच चांगला चालतो. पण खांबाच्या पत्र्याची जाडी बोटीच्या वजनावरून माहितगाराकडून काढून घ्या, अंदाजाने नको.

डोलकाठीची नवी जागा जुन्यापेक्षा बरीच पुढे येईल, बहुधा झोपायच्या फळीच्या मधोमध. नव्या शिडाच्या क्षेत्रफळाचा मध्य जुन्या शिडांच्या एकत्रित मध्यावरच आला पाहिजे. मी इथे चुकलो होतो. केबिनमधली जागा वाचावी म्हणून डोलकाठी हातभर मागे ठेवली. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात बोट सारखी वाऱ्याकडे वळू लागली आणि सुकाणू धरून दोन्ही हात भरून आले. सुदैवाने या शिडाला माफी आहे: फास सैल करून मी सबंध शीडच डोलकाठीच्या पुढे सरकवलं, पुढचा हिस्सा वाढवला आणि बरंच सुधारलं. तुम्ही कागदावर दोन-तीनदा मोजा.

बॅटनांच्या घासण्याचा बंदोबस्त करा. जिथे ते डोलकाठीला टेकतात तिथे जाड पट्टा किंवा चामडं शिवा. दर सहा महिन्यांनी तपासा. आणि हो, ती खोडी. जोराच्या वाऱ्यात पिछाडीकडून कूस बदलताना खालचे बॅटन वर उसळून डोलकाठीपुढे पंख्यासारखे अडकू शकतात. एकदा अडकले की सोडवता नाकीनऊ येतात. उपाय साधा आहे: खालची काठी खाली ओढून धरणारा एक दोर लावा आणि शीड निम्म्यावर असतानाही तो कधी सैल सोडू नका.

सिंगापूरसाठी माझी एक खरी शंका आहे. तुमच्याकडे वारा बराच वेळ मंद असतो. मंद वाऱ्यात आणि आधीच्या वाऱ्याच्या उरलेल्या लाटेत बॅटनांचं वजन शिडाला झोके देतं, कडकड आवाज होतो आणि आधीच नसलेला वारा झटकला जातो. म्हणून सपाट शीड घेऊ नका, पोट ठेवून शिवलेलंच घ्या, आणि क्षेत्रफळ जुन्या दोन शिडांच्या बेरजेपेक्षा थोडं जास्त ठेवा. मोठं शीड घ्यायला भिऊ नका, कारण ते लहान करणं आता तुमच्या हातात आहे.

पहिल्या दिवशी नांगरावरच काम करा. वारा बेताचा असताना शीड पूर्ण चढवा, एकेक खण उतरवा, परत चढवा, असं वीस वेळा. कुठला दोर कुठे अडकतो ते धक्क्याजवळच कळू द्या. मग तीन खणांवर बाहेर पडा आणि वारा पिछाडीवर घेऊन मुद्दाम कूस बदलून पाहा, दोन-चारदा. ताणदोर भरपूर लांब घ्या, शीड पूर्ण चढलेलं असताना तो अनपेक्षितपणे फार लांब लागतो. माझा पहिला दोर चार मीटर कमी पडला होता.